उतारा आमचा, जामीनदार आमचा

धाकट्या भावाचं नाव रावडी शीटवर, म्हणजे पोलीस ठाण्यातल्या गुंडांच्या वहीत, चढलंय, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. २०२३ च्या विधानसभा निवडणुकीआधी त्याला ठाण्यातून फोन आला, सकाळी परेडला हजर राहा म्हणून. तिथं कर्नाटकातल्या आमच्या खानापूर तालुक्याच्या पश्चिम भागातली बरीच पोरं ओळीनं उभी केली होती. प्रत्येकाचा फोटो, फोन नंबर, कुणाकडं कामाला आहेस, घरी कोण कोण आहे, सगळं लिहून घेतलं. संध्याकाळी घरी येऊन तो आईला म्हणाला, "काय न्हाई गं, इलेक्शनचं आहे." मग तहसीलदार कार्यालयाची नोटीस आली. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ११० खाली विचारलं होतं, तू सराईत आहेस, तर तुझ्याकडून चांगल्या वर्तणुकीचा बाँड जामीनदारासह का घेऊ नये? नोटीस कन्नडमध्ये होती. आईला कन्नड वाचता येत नाही. मी सोसायटीत नोकरीला आहे, तिथले कागद कन्नडमध्येच असतात, म्हणून मी वाचून दाखवली. मधेच एका ओळीत लिहिलं होतं की सदर इसमाविरुद्ध ठाण्यात रावडी शीट उघडलेलं आहे.

ही हकीकत लिहून ठेवतेय ती अशाच घरांसाठी, ज्यांच्या पोराचं नाव त्या वहीत आहे आणि पुढं कुठल्या दारात जायचं ते ठाऊक नाही.

आधी तो तिथवर कसा पोचला ते सांगायला हवं. आमचं गाव जांबोटीच्या अंगाला आहे. पुढं कणकुंबी, मग चोर्ला घाट, आणि घाट उतरला की गोवा. भात आणि थोडे काजू यांवर घर चालत नाही, म्हणून आमच्याकडची पोरं बारावी झाली की गोव्याला हॉटेलात नाहीतर कारखान्यात जातात. गोव्यात दारूवरचा कर कमी, कर्नाटकात जास्त. या फरकावर एक अख्खा धंदा उभा आहे. मालक बेळगावात किंवा त्याहून लांब बसतो, गाडी तिसऱ्याच्याच नावावर असते, आणि रात्री घाटातून ती आणतो तो आमच्यासारख्या घरातला पोरगा. एका खेपेला हॉटेलातल्या पंधरवड्याच्या पगाराएवढे पैसे मिळायचे. बाबा गेल्यावर घरात कर्ज होतं, आणि धाकट्याला गाडी चालवायची हौस लहानपणापासून. कणकुंबीच्या नाक्यावर त्याला खोक्यांसह पकडलं आणि अबकारी कायद्याखाली केस झाली. मालकाचं नाव त्या केसमध्ये कुठंच नव्हतं. पुढं एका जत्रेत दोन गावांत मारामारी झाली, तिच्या फिर्यादीत जी लांबलचक यादी गेली तिच्यात याचंही नाव. या दोन प्रकरणांवर रावडी शीट उघडलं.

मला सगळ्यात जास्त सांगायचं आहे ते जामिनाबद्दल.

अबकारीत पकडला तेव्हा आम्हाला कळायच्या आत त्याचा जामीन झाला होता. मालकाच्या माणसानं वकील दिला, जामीनदार दिला, जामीनदाराच्या जमिनीचा उतारा दिला. कोर्टाच्या बाहेर त्याला चहा पाजला आणि सांगितलं, "घाबरायचं न्हाई, आम्ही हाय की." जत्रेच्या केसमध्येही तसंच झालं. आमच्या भागात टोळीची पकड बसते ती अशी. तिच्याकडं चार-पाच माणसांचे उतारे, आधार, फोटो कायम तयार असतात. गरीब घरात एकतर जमीन नसते, नाहीतर ती आजोबांच्या नावावर पडून असते, वारसा लागलेला नसतो. पोराला आत ठेवायचं का त्यांच्या उताऱ्यावर बाहेर काढायचं, एवढंच घरच्यांच्या हातात उरतं. आणि ज्याच्या उताऱ्यावर पोरगा बाहेर आला, त्याचं काम तो पुढच्या आठवड्यात नाकारू शकत नाही. मग यादीत नाव असल्यामुळं दर निवडणुकीला, दर गणपतीला, दर मिरवणुकीला नवा बाँड, नवा जामीनदार. प्रत्येक बाँडबरोबर तो मालकाच्या आणखी खाली दबत होता. गुंडगिरी मोडायला ठेवलेली ती वही आमच्या घरात गुंडांचंच काम सोपं करत होती. कागद नीट लावून पाहिले तेव्हाच हे माझ्या ध्यानात आलं. तोवर मीही मानत होते की पोरगं वाया गेलंय.

म्हणून कलम ११० च्या नोटिशीला मी ठरवलं, काही झालं तरी जामीनदार आमचा असेल. मामाकडं गेले. मामाची दोन एकर जमीन त्याच्याच नावावर आहे. मामीनं स्पष्ट विचारलं, "उद्या हा परत गाडी घेऊन गेला तर आमच्या जमिनीवर बोजा चढायचा. आमच्या पोरी हाईत लग्नाच्या." तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. धाकटा तिथंच बसला होता. तो मामीला म्हणाला, "मामी, तुझ्या उताऱ्यावर बाहेर राहिलो तर मला तुझ्याकडं तोंड दाखवायचं आहे. त्यांच्या उताऱ्यावर राहिलो तर त्यांच्याकडं." मामा काही बोलला नाही, उठून ट्रंकेतून कागद काढून आणले. तहसील कार्यालयात त्या दिवशी जामिनाला उभी असलेली बहुतेक माणसं दोघा-तिघा मालकांची ठरलेली होती, कुठल्याही पोराच्या बाजूला उभी राहणारी. मामा तेवढा एकटा, धोतर-टोपीत आणि घाबरलेला. बाँड झाला, आणि त्यानंतर धाकट्यानं खेपा सोडल्या.

मग बेळगावातल्या एका वकीलबाईंकडं गेलो. तालुक्याच्या विधी सेवा समितीतून त्यांचं नाव मिळालं होतं. त्यांनी पहिल्यांदा आम्हाला ही वही काय असते ते समजावलं. रावडी शीट ही कोर्टानं दिलेली शिक्षा नाही. कर्नाटक पोलीस मॅन्युअलच्या आदेश क्रमांक १०५९ प्रमाणं पोलीस ते उघडतात. नाव चढवायला गुन्हा सिद्ध व्हावा लागत नाही. पण म्हणून मनाला येईल तसं चढवताही येत नाही. २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयानं सांगितलंय की नाव चढवण्याआधी त्या माणसाला कळवा, त्याचं म्हणणं ऐका, आणि नाव ठेवायचं की काढायचं याचा ठराविक काळानं फेरविचार करा. पोलीस आमच्याकडं रात्री-अपरात्री येऊन दार वाजवायचे, त्याबद्दल तर सर्वोच्च न्यायालयानं खरकसिंगच्या खटल्यात १९६२ सालीच निकाल दिला होता. उत्तर प्रदेशात पाळतीवर असलेल्या माणसाच्या घरी पोलिसांनी रात्री जाण्याची जी तरतूद होती, ती त्यांनी घटनाबाह्य ठरवली. १९७५ च्या गोविंद निकालात पाळत ही खरोखर गुन्हेगारीचं आयुष्य जगायचं ठरवलेल्यांपुरतीच असावी असं म्हटलं. आणि २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्कच ठरला.

हे ऐकताना आई एकच विचारत होती, "म्हणजे रात्री दोनला येऊन उठवायचा हक्क त्यांना न्हाई?" वकीलबाई म्हणाल्या, नाही. एवढं कळल्यावर आईचा आवाज बदलला. पोलीस अधीक्षकांच्या नावे अर्ज केला, तारखा आणि वेळा लिहून. नंतर रात्रीचं येणं थांबलं, दिवसा बीटचा हवालदार यायचा, अंगणातच उभा राहून सही घेऊन जायचा. त्या हवालदारानंच एकदा हळूच सांगितलं, "अक्का, अर्ज करा, कागदावर आणा. कागद असल्याशिवाय वरचे काय करणार?"

कागद जमवायला लागले. माहितीच्या अधिकारात अर्ज केला. कर्नाटकात तो एकाच विषयावर आणि १५० शब्दांत बसवावा लागतो, दहा रुपयांची फी. मी पाचच गोष्टी विचारल्या: शीट कुठल्या तारखेला उघडलं, कुणाच्या आदेशानं, आधी नोटीस दिली का, कारणं काय नोंदवली, फेरविचार झाला का. पहिल्यांदा तपासाला बाधा येईल असं सांगून नाकारलं. अपिलात तारीख आणि आदेश देणाऱ्याचं पद मिळालं. नोटीस दिल्याची नोंद नाही, हेही लेखी मिळालं. या एका ओळीवर पुढचं सगळं उभं राहिलं. सोबत कोर्टातून नकला काढल्या. जत्रेच्या खटल्यात सगळे निर्दोष सुटले होते, अबकारीच्या केसचा दंड भरून निकाल लागला होता. दोन्हीच्या प्रमाणित प्रती लावून रावडी शीट बंद करावं असा अर्ज दिला. पोच घेतली. कुणी असं काही करणार असेल तर पोच घेतल्याशिवाय टेबलावरून हलू नका.

हे चालू असताना पावसाळ्यात ते घडलं. धाकट्याचे जुने पैसे राहिले होते, हिशेब घ्यायला त्याला एका ढाब्यावर बोलावलं. त्याच्यासारखाच काम सोडलेला शेजारच्या गावचा एक पोरगाही तिथं होता. त्या पोरानं बाहेर तोंड उघडलं असा संशय होता. धाकट्यासमोर त्याला गजांनी आणि कोयत्यानं मारलं. तो वाचला, पण उजव्या हाताची बोटं त्याला आता मिटता येत नाहीत. खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा दाखल झाला. ज्याच्या सांगण्यावरून हे झालं, त्याचं नाव कुठल्याही रावडी शीटवर नव्हतं.

संघटित गुन्हेगारीसाठी आपल्याकडं कायदे कमी नाहीत. महाराष्ट्रानं १९९९ मध्ये मोक्का केला, कर्नाटकानं २००० मध्ये आपला तसाच कायदा केला. त्याआधीपासून १९८५ चा गुंडा कायदा आहे, वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करता येतं. पोलीस कायद्याखाली तडीपारी आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १११ आलं, त्यात संघटित गुन्ह्याला किमान पाच वर्षं ते जन्मठेप, आणि कुणाचा जीव गेला तर फाशीही आहे. पण यातला कुठलाही कायदा मालकापर्यंत पोचायचा तर कुणीतरी कोर्टात उभं राहून सांगावं लागतं, की मी पाहिलं, यानं सांगितलं, त्यानं मारलं. ते सांगू शकणारा जवळजवळ नेहमी टोळीच्या कडेला असलेला असाच एखादा पोरगा असतो. त्याला आधीच रावडी म्हणून लिहून ठेवलं, रात्री उठवून अपमान केला, तर तो पोलिसांच्या बाजूनं का बोलेल?

धाकटा बोलायला तयार झाला, आणि मला त्याचा अभिमान आहे. खानापूरच्या न्यायदंडाधिकाऱ्यांपुढं फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १६४ खाली त्याचा जबाब झाला. त्यांनी आधी त्याला विचारलं, कुणाच्या दबावानं आलास का? बाहेर पोलीस उभे आहेत त्यांची भीती आहे का? मग विचार करायला वेळ दिला. इतक्या वर्षांत सरकारी खुर्चीवरच्या माणसानं त्याला असं विचारायची ती पहिलीच वेळ. तो मराठीत बोलला, आणि लिहिलेलं त्याला पुन्हा मराठीत समजावून सांगून मगच सही घेतली.

त्यानंतर आमच्या घरासमोर मोटरसायकली थांबायला लागल्या. आधी गोड बोलणं, कर्ज फेडतो वगैरे. मग आईला बाजारात गाठून विचारलं, नात कुठल्या शाळेत जाते? नात म्हणजे माझी मुलगी.

वकीलबाईंनी साक्षीदार संरक्षण योजनेचा अर्ज करायला सांगितलं. ही योजना २०१८ ची. महेंद्र चावला खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं त्या वर्षी डिसेंबरमध्ये ती देशभर कायद्यासारखी लागू केली. आमच्याकडं कितीतरी जणांना ती ठाऊकच नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते. अर्ज साक्षीदारच नाही तर घरचं माणूसही करू शकतं. आमचा मी केला. तो जिल्ह्याच्या समितीकडं जातो. जिल्हा न्यायाधीश अध्यक्ष, जिल्ह्याचे पोलीस प्रमुख सदस्य, आणि सरकारी वकिलांचे प्रमुख सदस्य सचिव. गुन्हा गंभीर हवा. मग उपविभागाचे पोलीस उपअधीक्षक, म्हणजे डीवायएसपी, धोक्याचा अहवाल देतात, त्याला योजनेत पाच कामकाजाचे दिवस दिलेत. जिवाला धोका असेल तर पहिली श्रेणी. सुरक्षितता, अब्रू किंवा मालमत्तेला धोका असेल तर दुसरी. त्रास आणि धमकावणी असेल तर तिसरी. संरक्षण एका वेळी जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, पुढं वाढवून घेता येतं. सुनावणी बंद दाराआड होते आणि अर्ज गुप्त ठेवायचा असतो.

अडचण कुठं आली ते पाहा. धोक्याचा अहवाल लिहिणारं कार्यालय आणि रावडी शीट सांभाळणारं कार्यालय एकच. पहिल्या अहवालात लिहून आलं, सदर साक्षीदार स्वतः रावडीशीटर आहे, त्याचे आणि आरोपींचे पूर्वीचे संबंध आहेत. जणू संबंध होते म्हणून धोका कमी! संबंध होते म्हणूनच तर तो साक्षीदार आहे, आणि म्हणूनच धोका आहे. समितीपुढं मला बोलायची संधी मिळाली तेव्हा मी एवढंच सांगितलं. न्यायाधीशांनी मुलीच्या शाळेबद्दल पुन्हा पुन्हा विचारलं, बाजारातल्या त्या माणसानं नेमके कुठले शब्द वापरले ते लिहून घेतलं. आदेश आला: घराजवळ गस्त, साक्षीच्या दिवशी कोर्टापर्यंत पोलीस सोबत, आणि कोर्टात आरोपी आणि साक्षीदार समोरासमोर येऊ नयेत अशी व्यवस्था. बंदूकधारी वगैरे आम्हाला नको होता. गस्तीची जीप संध्याकाळी वळणावर दिसायला लागली तशा मोटरसायकली कमी झाल्या.

जखमी पोराच्या आईलाही आम्ही याच वाटेनं नेलं. पीडितांना भरपाई देण्याची तरतूद २००९ च्या दुरुस्तीत आली, कर्नाटकाची योजना २०११ ची. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडं करायचा, त्यासाठी खटल्याच्या निकालाची वाट बघावी लागत नाही. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. मुलाच्या ऑपरेशनला तिनं दागिने मोडले होते. मानवी हक्क म्हटलं की लोकांना वाटतं हे गुन्हेगारांचे लाड. त्या बाईला एकदा भेटावं त्यांनी. गुंडांच्या हातून आपलं पोरगं वाचावं, उपचाराचा खर्च मिळावा, न घाबरता कोर्टात जाता यावं, हे तिचे हक्क आहेत आणि ते सांभाळणं सरकारचं काम आहे. माझ्या भावाला नोटीस मिळावी हाही त्याच कामाचा भाग.

शीट बंद करण्याच्या अर्जावर काहीच होईना, तेव्हा धारवाडला गेलो. उच्च न्यायालयाचं खंडपीठ तिथं २००८ पासून आहे म्हणून बरं, पूर्वी यासाठी लोकांना बंगळूर गाठावं लागायचं. याचिका मोठी नव्हती: नोटीस दिली नाही, ऐकून घेतलं नाही, फेरविचार केला नाही, खटले निकाली निघाले. सरकारच्या उत्तरासोबत त्या शीटची प्रत जोडलेली आली आणि मी पहिल्यांदा ते पान पाहिलं. नातेवाईक या रकान्यात आईचं नाव, माझं नाव, माझा फोन नंबर, मी कुठं नोकरी करते ते, आणि माझ्या मुलीचं नाव. ती तेव्हा तिसरीत होती. त्या रात्री मला झोप लागली नाही. बाजारात नातीची शाळा विचारणारी माणसं आणि नात कोण आहे ते लिहून ठेवणारी ही वही, दोन्हींत तिचं नाव होतं. सुदैवानं मे २०२४ मध्येच सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका प्रकरणात यावर बोट ठेवलं होतं. अशी हिस्ट्री शीट पोलिसांची अंतर्गत कागदपत्रं आहेत, ती लोकांत जाता कामा नयेत, पुरावा असल्याशिवाय अल्पवयीन नातेवाइकांची माहिती त्यांत घालू नये, आणि सगळ्या राज्यांनी आपले नियम त्या दृष्टीनं तपासावेत. वकीलबाईंनी तो निकाल लगेच जोडला.

उच्च न्यायालयानं नाव थेट काढलं नाही. अर्जावर आमचं ऐकून, कारणांसह, मुदतीत निर्णय द्या, असा आदेश पोलिसांना दिला. मला आधी वाईट वाटलं, पण आता वाटतं की तेच बरं झालं. कारण मग डीवायएसपींच्या कार्यालयात धाकट्याला खुर्चीवर बसवून प्रश्न विचारले गेले. साहेब नवे होते. त्यांनी नकला वाचल्या, दूध संकलनाच्या गाडीवर तो ड्रायव्हर आहे याचं पत्र पाहिलं, ग्रामपंचायतीचा दाखला पाहिला, १६४ च्या जबाबाबद्दल त्यांना माहीत होतंच. "परत त्यांच्यात गेलास तर?" असं त्यांनी विचारलं. धाकटा म्हणाला, "साहेब, गेलो तर मामाची जमीन जाईल." साहेबांनी मामाबद्दल विचारलं, बाँडचे कागद मागवून पाहिले. पुढं लेखी आदेश आला: रावडी शीट बंद. कारणं दीड पानांत होती, आणि आमच्या मामाच्या जामीनदारीचा त्यात उल्लेख होता.

खटला अजून चालू आहे. धाकट्याची सरतपासणी, म्हणजे सरकारी वकिलांनी विचारायचे प्रश्न, झाली, उलटतपासणी अर्ध्यावर आहे. बचावाच्या वकिलांनी पहिला प्रश्न हाच विचारला, "तुम्ही रावडीशीटर आहात ना?" त्यानं सांगितलं, "होतो. आता नाही. आदेशाची प्रत आहे." ती प्रत कोर्टात दाखल झाली.

एक काम उरलंय. शीट बंद झालं तरी जुनी कागदपत्रं ठाण्यात राहतात, आणि त्या रकान्यात माझ्या मुलीचं नाव खोडलं की नाही हे आम्हाला कुणी लेखी सांगितलेलं नाही. त्यासाठी वेगळा अर्ज दिलाय, २०२४ च्या निकालाची प्रत जोडून, एकाच विषयावर. पोच माझ्याकडं आहे. उत्तर आलं नाही तर अपील करणार आहे.